कुठला सांगावा कुणाकडे

आमच्या जिनिंगमधल्या सर्व्हरला कुणी सर्व्हर म्हणत नाही. तो 'डबा'. मूळचा काळा, कापसाच्या धुळीनं राखाडी झालेला, वजनकाट्याच्या खोलीमागे लाकडी फळीवर बसवलेला. डबा बसला, डबा उठला, डबा आज रागात आहे, अशी त्याची खबर गेटवरच्या वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळे ठेवतात. मी मानवतला या कामाला लागले तेव्हा आईनं शेजारणीला कौतुकानं सांगितलं होतं, "पोरगी जिनिंगमधी डबा सांभाळती." शेजारणीला वाटलं मी कामगारांना जेवणाचे डबे पुरवते. अजूनही ती मला कुंपणावरून विचारते, आज भाजी काय केली होती म्हणून.

डबा जुना आहे, युनिक्सवर चालतो. एका माणसानं तो कधीकाळी बसवून दिला आणि मग तो माणूस फोन उचलेनासा झाला. डब्याची एक खोड आहे, तो अखंड बोलत असतो. डिस्क म्हणते माझ्यात जागा कमी आहे, प्रिंटर म्हणतो कागद संपला, बॅटरी म्हणते माझ्यात जीव नाही. हे सगळं बोलणं सिसलॉग नावाचा एक प्रोग्राम ऐकून घेतो आणि कुठला सांगावा कुणाकडे धाडायचा ते पाहतो. तो आपल्या मनानं काही करत नाही. एका फाइलीत त्याला जसं लिहून दिलंय तसं करतो. ती फाइल त्या फोन न उचलणाऱ्या माणसानं लिहिली होती आणि मी तिला कधी हात लावला नव्हता. चालतंय ना, मग कशाला उकरायचं, असा माझा साधा विचार होता.

गेल्या हंगामात संक्रांत होऊन गेली होती. कापूस जोरात होता. ट्रॅक्टर-टेम्पोंची रांग गेटबाहेर सडकेपर्यंत गेलेली. अशात वीज गेली. वीज जाणं आम्हाला नवं नाही, डबा आणि पडदे बॅटरीवर चालू राहतात, पण त्या दिवशी बॅटरीनं हाय खाल्ली आणि सिसलॉगला थेट सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात गंभीर पायरीचा निरोप दिला. फाइलीत त्या पायरीसमोर चांदणी काढलेली होती. चांदणीचा अर्थ, जो जो मशीनवर बसलाय त्या सगळ्यांना सांगा. काट्यावर, पारखणीच्या टेबलावर, बिलाच्या खिडकीत, सगळीकडे एकाच वेळी पडदे टुंग टुंग करून मोठ्या इंग्रजी अक्षरांत ओरडायला लागले.

काट्यावर आमचे मुनीम बसतात. वयस्कर माणूस, शिवभक्तांच्या घरातला, कपाळाला भस्म लावल्याशिवाय काट्याला हात लावत नाही. इंग्रजी त्यांना गाडीचे नंबर वाचण्यापुरतं येतं, पण त्या निरोपातला 'इमर्जन्सी' हा शब्द त्यांनी वाचला. ते ताडकन उठले आणि खिडकीतून बाहेर तोंड काढून ओरडले, "काटा बंद! काटा बंद करा!"

त्यांना म्हणायचं होतं, मशीनचं बटण बंद करा. पण आमच्या भागात 'काटा बंद'चा अर्थ एकच, खरेदी थांबली. ती आरोळी रांगेतून जी निघाली, ती गेटपर्यंत पोचेतो 'भाव पाडला' झाली आणि सडकेपर्यंत पोचेतो 'मालक पळाला'. मी मागच्या खोलीतून धावत बाहेर आले तर शेवटचे टेम्पो माल दुसरीकडे न्यायला पाथरीच्या दिशेला तोंड वळवून उभे. मालक तेव्हा आत बसून धपाटे खात होते. आपण पळाल्याची बातमी त्यांना एका शेतकऱ्यानंच आत येऊन दिली.

सगळं निवळल्यावर त्यांनी मला बोलावलं. चांगला माणूस आहे, ओरडत नाही, पण ओरडत नाही म्हणूनच जास्त लाज वाटते.

"ताई," ते म्हणाले, "जे एकट्या तुमाला सांगायचं, ते हा डबा समद्या गावाला कामून सांगायलाय?"

मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. फाइलीत एकेक ओळ असते. डावीकडे कोण बोलतंय आणि किती मोठं बोलतंय, उजवीकडे ते कुठं पोचवायचं. उजवीकडे फाइलीचं नाव लिहिलं तर निरोप गुपचूप त्या फाइलीत पडतो, दुसऱ्या मशीनचं नाव लिहिलं तर तिकडे जातो, माणसाचं नाव लिहिलं तर त्याच्या पडद्यावर, आणि चांदणी काढली तर सगळ्यांच्या तोंडावर.

"मग चांदणी पुसा की."

"पुसते."

"आन् हे मोठं, हे बारीक, हे ठरवतं कोण?"

"जो बोलतो तोच."

"म्हंजी बॅटरी म्हणली मी मोठी, की ती मोठी?"

"हो. आणि जो म्हणेल मी बारीक, त्याला कुणी विचारत नाही. फाइलीत पडून राहतो."

मालक हसले. "आमच्या घरात बी असंच चालतंय," म्हणाले, आणि उरलेल्या धपाट्याकडे वळले.

आमच्या घरात तर फारच चालतं. आमचं गाव देवगाव फाट्याजवळचं, आणि आमचं घर ऊसतोडीला जाणारं. आधी वडील जायचे, आता धाकटा भाऊ आणि भावजय जातात. दिवाळी झाली की कर्नाटकाच्या सीमेकडे फडावर, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत. तेवढे महिने आई माझ्याकडे मानवतला. आणि घरात एक नियम, वडिलांच्या वेळेपासूनचा: फडावर घरचं काही सांगायचं नाही. हातात कोयता असतो, ध्यान उडालं की घाव हातावर बसतो. घरात कुणी आजारी असो, म्हैस मरो, भिंत पडो, फडावरच्या माणसाला कळायचं ते पाडव्यानंतरच.

रोज दिवस मावळताना भावाचा फोन यायचा.

"बरं हाय का?"

"बरं हाय. तुमचं?"

"बरं हाय."

संपलं. मी आईला म्हणायचे, यापेक्षा एक पोपट पाळ आणि फोनजवळ बसव. त्याच हंगामात संक्रांतीच्या आधी आईला चांगला सणकून ताप होता, आवाज पार खोल गेलेला, तरी फोन आला की उठून बसायची, खोकला येऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडाशी धरायची आणि म्हणायची, "बरं हाय." मी डोळे वटारले की हातानं गप राहा म्हणून खुणावायची. मला हा नियम कधी पटला नाही, पण मोडायचीही कधी वेळ आली नव्हती.

काटा बंदच्या त्या गोंधळानंतर त्याच आठवड्यात आई अंगणात धुण्याच्या दगडापाशी घसरली. परभणीच्या दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलेलं. डॉक्टरांनी छातीही तपासली आणि मग ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले, तेव्हाच मला कळलं की गोष्ट साधी नाही. ऑपरेशन करावंच लागेल, म्हणाले, नाहीतर त्या कधी उठणार नाहीत. पण हृदय फार कमजोर आहे. सोमवारी करू. तोवर घरचं लांबचं जे कुणी असेल त्याला बोलावून घ्या.

आईनं ते ऐकलं. डॉक्टर गेल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

"त्याला सांगायचं न्हाई."

"आई, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं. बारीक काम हाय. हाड बशिवतेत आन् सोडतेत." मग ती थांबली, आणि मला नको असलेलंच बोलली. "त्याला सांगशील तर माझी आन हाय तुला."

मला इतका संताप आला की बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. शपथा बिपथा मी मानत नाही, असं मी ऑफिसात मोठ्या तोंडानं सांगत असते. पण आईची आण, आणि आई अशी पडलेली, मोडायला जीभ उचलेना. सोमवारी ती टेबलावरून उठली नाही तर भावाला तिचं शेवटचं तोंड दिसणार नव्हतं. पाडव्याला घरी येऊन तो मला विचारणार होता, अक्का, तू काय करत होतीस? आणि मी त्याला काय सांगणार होते, आईनं आण घातली होती म्हणून?

शुक्रवारी वालूरची मावशी आईजवळ बसायला आली आणि मी अर्ध्या दिवसासाठी जिनिंगला गेले. जायला हवंच होतं, कारण डबा मी अर्धवट सोडून आले होते. चांदणी पुसून मी तिथं माझ्या खोलीतल्या मशीनचं नाव लिहिलं होतं, पण माझ्याकडे काही येतच नव्हतं. फाइल उघडून दहादा वाचली. सगळं बरोबर. मग लक्षात आलं, डावी आणि उजवी बाजू यांच्यामध्ये मी साध्या मोकळ्या जागा सोडल्या होत्या, आणि हा जुना डबा तिथं फक्त टॅब मानतो. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. पण टॅब नसला की तो ती ओळच सोडून देतो, आणि सोडली असं सांगतही नाही. टॅब टाकला, तरी काही होईना. कारण फाइल बदलली तरी सिसलॉग जुनंच डोक्यात धरून बसतो. त्याला मुद्दाम सांगावं लागतं, बाबा, परत एकदा वाच. तसं सांगितलं, आणि मग हातानंच एक निरोप सोडून बघितला. सगळ्यात वरची पायरी धरून लिहिलं, 'भूक लागली'. तो बरोबर माझ्या मशीनवर आला, आणि बाकी कुणाच्याही पडद्यावर नाही. दवाखान्यात जागून आलेल्या बाईला तेवढ्यानंही बरं वाटलं.

पण मुनीम दारात उभे होते.

"ताई, त्या दिसापास्नं माझ्या पडद्यावर काईच येईना गेलंय."

"तुम्हाला त्रास नको म्हणूनच केलं, मुनीमजी."

"तरास न्हाई म्हणू कसा? त्या दिशी ते वरडलं तवा भ्या वाटलं. आता गप बसलंय तर जास्त वाटायलंय. गप म्हंजी समदं बरं हाय, का सांगणाराच मेलाय, मला कसं कळावं?"

याचं उत्तर सिसलॉगकडेच होतं. त्यात एक सोय असते. काही घडलं नाही तरी ठरावीक वेळानं तो एक ओळ टाकत राहतो, नुसतं 'मार्क'. त्याचा अर्थ एवढाच की मी जागा आहे. ती मी चालू केली आणि तिच्या उजवीकडे मुनीमजींचं नाव लिहिलं. पहिली ओळ त्यांच्या पडद्यावर येईपर्यंत आम्ही दोघं चहा पीत बसलो. ओळ आली. मी तिचा अर्थ सांगितला. ते खूश झाले, बशी खाली ठेवली, पडद्याकडे परत बघितलं.

"म्हंजी हाय म्हणायलंय."

"हो."

"बरं हाय का, ते न्हाई म्हणत?"

"नाही. हाय, एवढंच म्हणतं."

"असू द्या," ते म्हणाले. "त्येवढं बी पुष्कळ हाय." आणि काट्यावर गेले, कारण बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता.

मी तिथंच बसले. रोज दिवस मावळताना आमच्या घरी येणारा तो फोन, बरं हाय, बरं हाय, त्यातून इतक्या वर्षांत माणूस जिवंत आहे यापलीकडे आम्हाला काय कळलं होतं? भावाचं बरं आहे, हे तरी मला कुठं ठाऊक होतं? तो बोलतो ते ऐकून मी धरून चालले होते.

आणि मग माझ्या डोक्यात एक चोरवाट आली. आईनं आण घातली होती ती 'त्याला' न सांगायची. उजवीकडे एकच नाव होतं. भावजयीचं नाव त्यात नव्हतं. वकिलाला शोभेल अशी पळवाट, मला ठाऊक आहे. पण मी कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसमागे लिंबाखाली गेले आणि भावजयीला फोन लावला.

"अक्का? ह्या वक्ताला?" तिचा आवाज लगेच बदलला. मागे पाचटाची सळसळ ऐकू येत होती.

मी सगळं सांगितलं. खुबा, छाती, सोमवार, आण. ती ऐकत राहिली.

"अगं, ऐकतीस ना?"

"अक्का, म्या बी एक सांगू का? पर आईला सांगायचं न्हाई. ह्यांनी आन घातलीया."

संक्रांतीच्या आधीच भावाच्या डाव्या हातावर कोयता बसला होता. तर्जनीचं वरचं पेर गेलं होतं. तिथल्याच दवाखान्यात टाके घातले, पट्टी बांधली आणि तो तसाच फडावर राहिला. आता तोडायची ती, मोळ्या बांधायची ती, आणि तो एका हातानं ओढून गाडीपाशी न्यायचा. घरी फोनही तीच लावून त्याच्या कानाला धरायची. आणि रोज आमच्याकडे येत होतं, बरं हाय.

मी तिला फोनवर झाडली. अगं, बोट तुटलं आणि तुम्ही गप बसलात? लाज नाही वाटत? झाडून झाल्यावर मला कळलं की झाडायचा हक्क मला उरलेला नाही. मग आम्ही दोघी हसायला लागलो आणि हसता हसता ती रडायला लागली. मीही रडले. जिनिंगचे दोन हमाल लांबून बघत होते, त्यांना खुशाल बघू दिलं.

"हे बघ," मी म्हणाले, "मला त्याला सांगायची बंदी आहे. तुला कुणी घातलेली नाही. तू सांग. आणि आजच निघा."

"सांगते," ती म्हणाली. "आन् आईला?"

"या तर आधी."

आईचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे इथंच सांगून टाकते, उगीच कुणाचा जीव टांगणीला नको. आता ती काठी टेकत कुंपणापर्यंत जाते आणि शेजारणीशी माझ्या भाजीवरून वाद घालते. पण मला आठवतो तो रविवार.

दुपारी दोघं एसटीनं परभणीला उतरून थेट दवाखान्यात आले. भावाच्या डाव्या हातावर टॉवेल टाकलेला होता, उन्हातून आलोय असा आव आणून. आईनं त्याला दारात पाहिलं आणि आधी माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत जाळ.

"मी सांगितलं नाही," मी म्हणाले. "तुझ्या सुनेला सांगितलं."

आईनं चादर पायावर आणखी ओढून घेतली, जसं काही पायाला काही झालेलंच नाही. भाऊ खाटेपाशी बसला.

"कसं हाय?"

"बरं हाय. तुझं?"

"बरं हाय."

माझ्या तोंडात शिवी आली होती. ती मी गिळली, कारण आईनं त्याला पाणी मागितलं. बाटली नवी होती, झाकण घट्ट. त्यानं ती गुडघ्यांत धरली आणि उजव्या हातानं पिळायला लागला. भावजय पुढे झाली, तर आईनं तिला हातानं थांबवलं.

"दुसरा हात कुठं हाय तुझा?"

"हाय की."

"दाव."

"आदी तू पाय दाव."

मावशी हसली. आई हसली नाही. तिनंच हात लांबवून टॉवेल काढला. पट्टी मळलेली होती. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बोटं चाचपत गेली, आखूड बोटापाशी आल्यावर थांबली.

"कवा?"

"संक्रांतीच्या आदी."

"तवा तुला कोण काय सांगितलं हुतं?"

"कोणीच काय न्हवतं सांगितलं."

"मंग ध्यान कुठं हुतं तुझं?"

भावानं खाली बघितलं. "इकडंच," तो म्हणाला. "फोनवर तुझा आवाज लय खोल येत हुता दोन-तीन दिस. आन् तू म्हणायलीस बरं हाय. काय झालंय, काय झालंय, त्येच डोस्क्यात फिरत हुतं."

आईनं त्याचा हात सोडला नाही. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी बाटलीचं झाकण उघडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत न्यायला आले. ढकलगाडीवर ती छताकडे बघत पडलेली. डॉक्टरांनी विचारलं, "काय आजी, बरं आहे ना?" तिनं मान वळवून भावाला जवळ बोलावलं, मला नाही, त्याला.

"लय भ्या वाटायलंय रे मला," ती म्हणाली.

"मला बी," तो म्हणाला, आणि दारापर्यंत तिच्या गाडीबरोबर चालत गेला.